पेन्शन कोल्हापुरात, मुक्काम परदेशात

वाचकांनी विचारलेले, जाणकारांनी उत्तरलेले

मुलांकडे परदेशी निघालेल्या किंवा तिकडेच राहायचे ठरवलेल्या निवृत्तांची बरीच पत्रे आली आहेत. पेन्शन कुठे जमा करायची, ती तिकडे कशी न्यायची आणि कर कुठे भरायचा, हे तीन प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात आहेत. तुम्ही पाहुणे म्हणून जाता की मुक्कामाला, हे आधी ठरवले की तिन्हींची उत्तरे सापडतात. खालचे कराचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, पण बँकेत आणि सीएच्या ऑफिसात अजून जुनीच नावे चालतात. म्हणून इथेही तीच ठेवली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. मुलगा अमेरिकेत आहे. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी जातोय. शेजारी म्हणतात, जाण्याआधी खाते एनआरआय करून घ्या, नाहीतर दंड होतो. खरे आहे का? (कागल)

उत्तर : तुमच्या बाबतीत नाही. विदेशी चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, माणूस कशासाठी गेला हे बघतो. नोकरी, धंदा किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने गेलेला माणूस अनिवासी ठरतो. परतीचे तिकीट काढून मुलाला भेटायला गेलेले आई-वडील निवासीच राहतात. साधे बचत खाते, पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना, सगळे आहे तसे चालू ठेवा.

प्राप्तिकराच्या दृष्टीनेही तुम्ही निवासीच आहात. १८२ दिवसांचा नियम सगळ्यांना माहीत असतो, दुसरा फारसा कुणी सांगत नाही. वर्षात ६० दिवस भारतात आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात, एवढे असले तरी माणूस निवासी ठरतो. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याला यातून सूट आहे, मुलाकडे राहायला जाणाऱ्याला नाही. त्यामुळे मुक्काम सहाचा सात महिने झाला तरी घाबरू नका.

खर्चाचे पैसे नेताना माणशी ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा आणि बाकी रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परकी चलन भरून ठेवलेल्या कार्डावर, ठेवा. नेहमीचे डेबिट कार्ड तिकडे वापरले तर दर व्यवहाराला साधारण ३ ते ३.५ टक्के जादा जातात आणि एटीएमचे शुल्क वेगळे. निवासी माणसाला एका आर्थिक वर्षात सगळ्या कारणांसाठी मिळून अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात. १० लाख रुपयांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरल्यावर परत मिळतो. पण तोवर पैसे अडकून पडतात, म्हणून दोघांच्या पॅनवर रक्कम विभागून घ्या.

तुमच्या प्रवासात नोव्हेंबर येत असेल तर हयातीच्या दाखल्याची व्यवस्था मात्र आधी पाहा. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

प्रश्न : राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त. पेन्शन महिना ५० हजार, कोषागारामार्फत राष्ट्रीयीकृत बँकेत येते. मुलीने आमचे ग्रीन कार्ड केले. ऑगस्टमध्ये कायमचे जातोय. खात्याचे, कराचे आणि पैसे मागवण्याचे नीट सांगा. (राजारामपुरी)

उत्तर : कायमचे जाताय, म्हणजे निघाल्या दिवसापासून फेमाच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी. साधे बचत खाते तसेच चालवणे नियमाबाहेर आहे. ते एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या कमाईसाठीच्या, खात्यात बदलून घ्यावे लागते. पतसंस्थेत ठेवी असतील तर त्या निघण्याआधी मोकळ्या करा. पतसंस्थेत एनआरओ खाते होत नाही, शिवाय तिथल्या ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण नसते. सहकारी बँकेत खाते असेल तर तिच्याकडे अनिवासी खात्यांची रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का, हे शाखेत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

या कामात क्रम चुकला की पेन्शन अडकते. काही बँका जुन्याच क्रमांकाचे खाते एनआरओ करून देतात, काही नवा क्रमांक देतात. नवा क्रमांक मिळाला आणि कोषागाराला कळवले नाही, तर पेन्शन जुन्या बंद खात्यावर जाऊन परत फिरते आणि ती पुन्हा सुरू करायला अर्ज करत बसावे लागते, तेही हजारो मैलांवरून. म्हणून आधी एनआरओ खाते उघडा, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, नवा खाते क्रमांक आणि रद्द केलेला चेक जोडून कोषागारात अर्ज द्या, पोच घ्या, नव्या खात्यावर पहिली पेन्शन जमा झालेली डोळ्यांनी पाहा आणि मगच जुने खाते बंद करा. ऑगस्टमध्ये निघायचे तर मे महिन्यात सुरुवात केलेली बरी. खाते दोघांच्या नावाने ठेवा, पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आली तर उपयोगी पडते.

त्याच बँकेत एनआरई खातेही उघडून ठेवा. एनआरओमध्ये भारतातली कमाई जमा होते. एनआरईमधला पैसा मात्र कधीही, कितीही, विनाकागद बाहेर नेता येतो आणि त्यावरचे व्याज भारतात करमुक्त असते. पेन्शन, भाडे, व्याज, लाभांश ही चालू कमाई धरली जाते. तिच्यावरचा कर चुकता झाला की ती एनआरओमधून एनआरईमध्ये वळवता येते किंवा थेट परदेशी पाठवता येते. वर्षाला दहा लाख डॉलरची जी मर्यादा सांगितली जाते ती घर, जमीन, जुन्या ठेवी अशा भांडवली रकमेसाठी आहे. पेन्शन तिच्यात मोजली जात नाही. शाखेत पुष्कळदा हा फरक केला जात नाही, म्हणून अर्जात ‘चालू उत्पन्न, निवृत्तिवेतन’ असे स्पष्ट लिहा.

पाठवण्याआधी प्राप्तिकराच्या पोर्टलवर १५सीए हा पैसे बाहेर पाठवत असल्याचा फॉर्म भरायचा. वर्षभरात पाठवलेली करपात्र रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर त्याचा भाग ‘अ’ पुरतो, सीएचा दाखला लागत नाही. ५ लाखांच्या वर गेलात की सीएकडून १५सीबी हा दाखला घेऊन भाग ‘क’ भरायचा. बँकेत १५सीएची प्रत, बँकेचा स्वतःचा अर्ज, पेन्शनचा फॉर्म १६ किंवा कापलेल्या कराचा २६एएस उतारा आणि सहा महिन्यांचा खातेउतारा द्या. काही शाखा ५ लाखांच्या आतही सीएचा दाखला मागतात. तिथे वाद घालण्यापेक्षा त्या बँकेच्या एनआरआय विभागाला ईमेल करा, ते नियम पाहून उत्तर देतात.

आता कर. इथे दोन कायदे दोन उत्तरे देतात. फेमात तुम्ही ऑगस्टपासून अनिवासी, पण प्राप्तिकरात त्या वर्षी अजून निवासीच, कारण एप्रिल ते ऑगस्ट ६० दिवसांहून जास्त होतात. खरा बदल पुढच्या आर्थिक वर्षी येतो. निवासी माणसाला नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत जी करसवलत मिळते ती अनिवासीला नाही. तुमची वार्षिक पेन्शन ६ लाख. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले ५,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या १,२५,००० वर ५ टक्के म्हणजे ६,२५०, त्यावर ४ टक्के उपकर धरून ६,५०० रुपये. कोल्हापुरात राहिला असता तर शून्य. रक्कम छोटी आहे, पण कोषागाराला तुम्ही अनिवासी झाल्याचे कळवले नाही तर ते सवलत धरून काहीच कापत नाहीत आणि नोटीस तुमच्या नावाने निघते.

एनआरओ ठेवींवर बँक ३१.२ टक्के कापते. १५एच देऊन सुटका नाही, तो फॉर्म फक्त निवासींसाठी आहे. समजा वर्षाला १,२०,००० व्याज आले. बँक ३७,४४० कापेल. तुमचा पेन्शन आणि व्याज मिळून खरा कर होतो १२,७४०. पेन्शनवर ६,५०० आधीच कापले असतील, तर ३१,२०० रुपये परत मिळायला हवेत. ते रिटर्न भरल्याशिवाय मिळत नाहीत, आणि मुदत ३१ जुलैची. ‘आता भारतात कुठे राहतो, रिटर्न कशाला’ म्हणून अनेक जण हे पैसे दरवर्षी सोडून देतात. कष्टाचे पैसे आहेत, सोडू नका. कर उलट कमी कापला जात असेल आणि बाकी १०,००० च्या वर जात असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. ज्येष्ठांना त्यातून असलेली सूट अनिवासी ज्येष्ठांना नाही.

अमेरिकेचीही बाजू आहे. दोन देशांतल्या करारानुसार सरकारी पेन्शनवर सर्वसाधारणपणे फक्त पेन्शन देणारा देश कर लावतो. हे वाचून बरेच जण निश्चिंत होतात. पण त्याच करारात अमेरिकेने आपल्या नागरिकांवर आणि ग्रीन कार्डधारकांवर कर लावायचा हक्क राखून ठेवला आहे. म्हणून ग्रीन कार्ड असेल तर भारतातली सरकारी पेन्शनही तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायची आणि भारतात भरलेल्या कराची वजावट फॉर्म १११६ ने घ्यायची. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षातल्या एका दिवशी जरी १०,००० डॉलरवर गेली तरी एफबार हे विवरण वेगळे भरायचे. त्यात कर नसतो, फक्त माहिती असते, पण न भरल्याचा दंड जबर आहे. एनआरई व्याज भारतात करमुक्त असले तरी तिथे करपात्र, पीपीएफचे व्याजही तसेच. म्युच्युअल फंड असतील तर जाण्याआधी सीएशी बोला, भारतीय फंडांना अमेरिकेचे नियम फार जाचक आहेत. विकायचे असतील तर ग्रीन कार्डावर तिथे पाऊल ठेवण्याआधी विकलेले चांगले.

प्रश्न : साखर कारखान्यातून निवृत्त, ईपीएस-९५ ची (भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून मिळणारी) पेन्शन २,८०० रुपये. मुलीकडे कॅनडात असतो. दोन वर्षांपूर्वी हयातीचा दाखला राहिला आणि पेन्शन बंद झाली. परत कशी सुरू होईल? तिकडे कशी मागवू? (पन्हाळा)

उत्तर : दाखला पोचला की पेन्शन सुरू होते आणि थकीत रक्कमही मिळते, काळजी करू नका. ईपीएस-९५ ला नोव्हेंबरची अट नाही. वर्षभरात कधीही दाखला द्या, दिल्यापासून बारा महिने चालतो. म्हणजे कोल्हापुरात आलात की त्याच वेळी जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेवर चेहरा पडताळणीने देऊन टाका, पुढची फेरी वर्षाच्या आत असेल तर परदेशातून काहीच करावे लागत नाही. चेहरा पडताळणीसाठी फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन्ही ॲप लागतात, पीपीओ क्रमांक आणि बँकेत नोंदवलेला मोबाइलही लागतो. आधारवरचा फोटो फार जुना असेल तर पडताळणी वारंवार फसते. आधार केंद्रात जाऊन फोटो ताजा करून घ्या.

राज्य शासनाच्या निवृत्तांना मात्र नोव्हेंबर पाळावा लागतो. त्या महिन्यात परदेशी असणाऱ्यांनी भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात वेळ घ्यावी, पासपोर्ट आणि पीपीओची प्रत न्यावी. तिथले अधिकारी समोर सही घेऊन दाखला साक्षांकित करून देतात. कॅनडात ओटावाला उच्चायुक्तालय आहे, टोरँटो आणि व्हँकुव्हरला वाणिज्य दूतावास. मूळ प्रत नोंद होईल अशा कुरिअरने पाठवा, स्कॅन प्रत ईमेलने आधी पाठवा, आणि भावाला किंवा पुतण्याला कोषागारात जाऊन ती नोंदली गेल्याची खात्री करायला सांगा. पोस्टात गहाळ झालेल्या दाखल्यामुळे थांबलेल्या पेन्शन खूप आहेत. संरक्षण खात्याच्या स्पर्श या पेन्शन पोर्टलवर पेन्शन घेणाऱ्या माजी सैनिकांची पडताळणीही वर्षातून एकदा असते. तिची पुढची तारीख स्पर्शच्या पोर्टलवर स्वतःच्या खात्यात दिसते, ती पाहून परतीचे तिकीट काढा.

पैसे मागवण्याबद्दल आमचे स्पष्ट मत असे की २,८०० रुपये मागवू नका. प्रत्येक वेळचे शुल्क एवढे की हातात फार थोडे पडेल. ती रक्कम एनआरओमध्ये साठू द्या. घरपट्टी, वीजबिल, विम्याचा हप्ता त्यातून जाऊ द्या. चार वर्षांत लाखाच्या वर साठली की मग बघा. कॅनडात करापुरते रहिवासी असाल आणि भारतातल्या मालमत्तेची मूळ किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरवर असेल तर टी११३५ हे विवरण भरायला मुलीला सांगा. स्वतः राहण्यासाठीचे घर त्यात धरत नाहीत.

प्रश्न : बँक म्हणते आमचे शुल्क फक्त एक हजार. ऑनलाइन कंपनी म्हणते शुल्क शून्य. स्वस्त कोण? (इचलकरंजी)

उत्तर : शुल्काची ओळ वाचून हे कळत नाही. मोठी रक्कम दरात दडलेली असते. समजा बाजारात डॉलर ९० रुपये आहे आणि तुम्हाला ९१.५० ने दिला. ३ लाख रुपयांचे ९० च्या दराने ३,३३३ डॉलर झाले असते, ९१.५० ने ३,२७९ होतात. ५४ डॉलर, म्हणजे जवळपास ४,९०० रुपये गेले आणि पावतीवर ते ‘शुल्क’ म्हणून कुठेच दिसत नाहीत. म्हणून दोघांनाही एकच प्रश्न विचारा : मी आज खात्यातून बरोबर ३ लाख दिले, सगळे धरून, तर तिथल्या खात्यावर किती डॉलर पडतील? तो आकडा लेखी घ्या. बँकेच्या शाखेत टीटी सेलिंगचा, म्हणजे बाहेर पाठवण्यासाठी डॉलर विकण्याचा, छापील दर सांगतात. रक्कम लाखांत असेल तर बँकेच्या परकी चलन पाहणाऱ्या ट्रेझरी विभागाकडून चांगला दर मागवता येतो, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

रूपांतरावर जीएसटी आहे, तो सगळ्यांना सारखा. एक लाखापर्यंत रकमेच्या १ टक्का, पुढे दहा लाखांपर्यंत १,००० अधिक लाखावरच्या रकमेच्या अर्धा टक्का, आणि येणाऱ्या त्या आकड्यावर १८ टक्के. ५० हजार पाठवले तर ९० रुपये, सहा वेळा पाठवले तर ५४०. तेच ३ लाख एकदम पाठवले तर ३६०. जीएसटीचा फरक किरकोळ आहे, पण बँकेचे हजार रुपये आणि मधल्या बँकेने कापलेले समजा २० डॉलर हेही सहाऐवजी एकदाच जातात. तिमाहीला किंवा सहामाहीला पाठवणे परवडते. रुपया घसरेल म्हणून घाईने किंवा सावरेल म्हणून वाट बघत बसू नका. पेन्शनवर जगणाऱ्याने ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम पाठवावी आणि तिकडे सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा.

स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने पाठवताना शुल्क कोण देणार याचे तीन पर्याय असतात : अवर, शा आणि बेन. भाड्याची किंवा दवाखान्याची नेमकी रक्कम पोचायला हवी असेल तर ‘अवर’ घ्या, मधल्या बँकांचे शुल्कही इथेच भरले जाते. ‘शा’ मध्ये तिकडे पोचताना थोडी रक्कम कमी होते, ‘बेन’ मध्ये सगळेच शुल्क पोचणाऱ्या रकमेतून जाते.

पैसे अडकण्याचे सगळ्यात मोठे कारण आपल्याकडे नाव आहे. इथल्या खात्यावर नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव, पासपोर्टवर कधी आडनाव आधी, आणि अमेरिकेतल्या बँकेने मधले नाव एका अक्षरावर आणलेले. तिकडची बँक जुळत नाही म्हणून रक्कम परत पाठवते, येताना पुन्हा शुल्क आणि पुन्हा रूपांतर. तिकडे खाते उघडतानाच पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव घालायला सांगा. दुसरे कारण क्रमांक. अमेरिकेत नऊ अंकी राउटिंग क्रमांक लागतो आणि काही बँकांचा वायरसाठीचा क्रमांक चेकवरच्या क्रमांकाहून वेगळा असतो. ऑस्ट्रेलियात सहा अंकी बीएसबी, कॅनडात पाच अंकी ट्रान्झिट आणि तीन अंकी संस्था क्रमांक, ब्रिटनमध्ये आयबॅन. पहिल्यांदा छोटी रक्कम पाठवून बघा, पोचली की मोठी.

निवासी आई-वडील मुलाच्या खात्यावर पाठवत असतील तर पैसे पाठवण्याच्या ए२ फॉर्मवर हेतू खरा लिहा. कुटुंबाच्या निर्वाहासाठी हेतूचा कोड एस१३०१, भेट म्हणून एस१३०२. मुलगा अमेरिकेत असेल आणि वर्षात एक लाख डॉलरहून जास्त भेट मिळाली असेल तर त्याला फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर नसतो, पण विसरला तर दंड आहे.

प्रश्न : तिकडे गेल्यावर ओटीपी येत नाही, सगळे व्यवहार बंद पडतात असे ऐकले. उपाय? (शाहूपुरी)

उत्तर : इंटरनॅशनल रोमिंग भारतात असतानाच सुरू करा, तिकडे पोचल्यावर ते सुरू करायलाच ओटीपी लागतो. प्रीपेड सिमची वैधता संपू देऊ नका, नाहीतर क्रमांक दुसऱ्याला दिला जातो आणि बँक, आधार, पेन्शन तिन्ही एकदम तुटतात. एनआरओ किंवा एनआरई खाते असेल तर तिकडचा क्रमांक बँकेत नोंदवून यूपीआयही चालवता येते. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, यूएई, सौदी, कतार, ओमान या दहा देशांच्या क्रमांकांना २०२३ मध्येच परवानगी मिळाली आहे.

प्रश्न : गडहिंग्लजजवळ दोन एकर ऊस आहे आणि शहरात घर. पतीच्या पश्चात मुलाकडे अमेरिकेत कायमची जातेय. जमीन ठेवता येते का? घर आता विकू की नंतर?

उत्तर : जमीन ठेवता येते. निवासी असताना घेतलेली किंवा वारसाने आलेली शेतजमीन अनिवासी झाल्यावरही तुमचीच राहते. नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही, आणि असलेली विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच, तोही महाराष्ट्रात शेतकरी असावा लागतो. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली नसेल तर निघण्याआधी ती करून घ्या. तिकडून तलाठ्याकडचे काम होत नाही.

उसाचे बिल एनआरओ खात्यावरच यायला हवे. गळीत हंगाम सुरू होण्याआधी कारखान्याच्या ऊस विभागात नवा खाते क्रमांक द्या. सोसायटीचे पीककर्ज असेल तर वसुली बिलातूनच कापली जाते, म्हणून कर्ज कोणाच्या नावावर चालू ठेवायचे हे सोसायटीत बसून ठरवा. पीएम-किसानचा हप्ता अनिवासींना लागू नाही, तो बंद करून घ्या. भारतात शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, पण तुम्ही अमेरिकेत करनिवासी झालात की तेच उत्पन्न तिथे करपात्र होते, आणि इथे कर भरलेलाच नसल्याने वजावटही मिळत नाही. हे कुणी आधी सांगत नाही. फॉर्म भरताना खतांची, मजुरीची, तोडणीची पावती लागते, म्हणून जमीन कसणाऱ्याला सगळ्या पावत्या जपायला सांगा.

दीर किंवा भाऊ व्यवहार पाहणार असेल तर मुखत्यारपत्र इथेच, नोंदणी करून द्या. तिकडे गेल्यावर केले तर वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करावे लागते आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो. एनआरओ खात्यावरचा मुखत्यार इथली देणी भागवू शकतो, तुमची चालू कमाई तुम्हाला परदेशी पाठवू शकतो. तुमच्या वतीने कुणाला भेट म्हणून पैसे देणे त्याच्या अधिकारात नाही, आणि ते तसेच असलेले तुमच्या हिताचे आहे.

घराबद्दल : विकायचेच ठरले असेल तर निवासी असतानाच विका. समजा घराची किंमत ४५ लाख, नफा १५ लाख. तुम्ही निवासी असाल तर ५० लाखांच्या आतल्या व्यवहारावर खरेदीदाराला काहीच कापायचे नसते. शिवाय घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेले असेल तर १२.५ टक्के किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, जे कमी पडेल ते निवडता येते. अनिवासी असाल तर हा पर्याय नाही, आणि खरेदीदार सावधगिरी म्हणून पूर्ण ४५ लाखांवर १३ टक्के, म्हणजे ५,८५,००० कापून ठेवतो. खरा कर १,९५,०००. उरलेले रिटर्नमधून परत येईपर्यंत वाट पाहायची. अनिवासी झाल्यावरच विकण्याची वेळ आली तर खरेदीखताच्या आधी फॉर्म १३ भरून कमी कपातीचा दाखला मिळवा. दाखला हातात आल्याशिवाय विसार स्वीकारू नका, कारण कपात विसारापासूनच सुरू होते.

प्रश्न : ब्रिटनमध्ये तीस वर्षे नोकरी केली. आता ताराबाई पार्कात येऊन राहायचे आहे. तिथली सरकारी पेन्शन इथे मिळेल का?

उत्तर : मिळेल, पण वाढणार नाही. भारतात राहणाऱ्यांची ब्रिटिश स्टेट पेन्शन गोठते. इथे पहिल्यांदा मिळेल तोच आकडा पुढे कायम राहतो, ब्रिटनमध्ये दरवर्षी होणारी वाढ लागू होत नाही. २०२५-२६ मध्ये पूर्ण नवी स्टेट पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती. पूर्ण रकमेसाठी साधारण ३५ वर्षांची वर्गणी लागते, तुमची ३० भरतात, म्हणजे उरलेली वर्षे भरून काढता येतात का हे निघण्याआधी तपासा. वीस वर्षांनंतर गोठलेल्या आकड्यात घरखर्च भागेल का, याचा हिशोब आजच करा.

पेन्शन दर चार किंवा तेरा आठवड्यांनी मिळते, थेट भारतीय खात्यातही येऊ शकते. आमचा सल्ला आहे की ती तिथल्याच खात्यात घ्या. परतल्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षे बहुतेकांना ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो. त्या काळात परदेशात मिळालेल्या परदेशी उत्पन्नावर भारतात कर नाही. पण तीच पेन्शन थेट भारतीय खात्यात पडली तर ‘भारतात मिळाली’ म्हणून करपात्र होते. आधी तिथे मिळू दे, मग हवी तेवढी इकडे पाठवा. तिथले खाते बंद करायची गरज नाही, अनिवासी असताना मिळवलेली परदेशी मालमत्ता परतल्यावरही ठेवता येते. पौंडातच ठेवायचे असेल तर इथल्या बँकेत आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीचे परकी चलनातले, खाते उघडा, परदेशी पेन्शन त्यात जमा करता येते आणि पुन्हा बाहेर नेता येते.

सवलतीची वर्षे संपली की ती पेन्शन भारतात तुमच्या टप्प्याप्रमाणे करपात्र होते. स्टेट पेन्शन ब्रिटन कर न कापताच देते, त्यामुळे भारतातला कर बाजूला काढून ठेवा. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तिथले खाते, त्यातली वर्षातली सर्वाधिक शिल्लक आणि मिळालेले व्याज भरा. खात्यात पन्नास पौंड असले तरी ते भरायचे असते.